प्रत्येक जीवाची नोंद

बुलडाण्याहून धामणगाव बढे मी आखलेल्या वाटेने चौतीस किलोमीटर आहे. त्यातले मी अकरा किलोमीटर चारशे मीटर चाललो आणि पुढे गेलोच नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे धामणगावच्या वर्णनासाठी कुणी शेवटपर्यंत वाचत बसायला नको. ज्या गावाशी अडलो त्याचं नावही देत नाही. गावाने वाईट काही केलं नाही. पण तिथल्या जनावरांच्या नोंदवहीत एक्केचाळिसाव्या ओळीवर मी आहे, आणि ती वही अजून तिथेच आहे.

बुलडाणा

आम्ही सांगलीचे. माझी मेहुणी बुलडाण्यात दिलेली. पोळ्याच्या निमित्ताने पत्नी सुनंदा बहिणीकडे निघाली, तेव्हा मीही बरोबर गेलो. आमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर. तो आषाढातच उरकतो. एका वर्षात बैलांचे दोन सण पाहायला मिळतील, हा एक हिशेब. दुसरा हिशेब असा की, बुलडाणा डोंगराच्या माथ्यावर आहे आणि खाली उतरायला जुन्या पायवाटा आहेत. पन्नाशीनंतर मला डोंगरात चालायची सवय लागली आहे. ती सवय लागल्यापासून सामान वाढत गेलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी ते सगळं मी मेहुणीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुन्हा मोजलं. एका माणसाचा तंबू एक किलो चारशे साठ ग्रॅम. फुंकून फुगवायची गादी पाचशे वीस. घडीच्या दोन काठ्या चारशे नव्वद. पावसाळी अंगरखा तीनशे दहा. पोटऱ्यांना बांधायचे गेटर, म्हणजे जोड्यात चिखल आणि गवताची कुसळं जाऊ नयेत म्हणून असलेली कापडी आवरणं, दोनशे दहा. पाणी धरून एकूण नऊ किलो तीनशे चाळीस.

"एवढं घेऊन माणूस घर सोडून जातो," सुनंदा म्हणाली.

साडू दारात उभे राहून बघत होते. ते बुलडाण्यातच जन्मलेले. "साडूभाऊ, लम्पीची साथ हाय. जनावराइचा बाजार बंद, रस्त्यानं एक बैल दिसून नाई राह्यला. अन् तुमी डोंगरानं कुठी चालले?"

"मी जनावर नाही," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले.

घाटाखाली

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निघालो. माथ्यावरून उतरताना सागाला तुरे आलेले, खाली सपाटीवर सोयाबीन आणि कपाशीचे चौकोन, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे सातपुड्याची निळी रेघ. आमच्या सह्याद्रीत डोंगर अंगावर येतो. इथे आपण डोंगरावर राहतो आणि उतरून देशात जातो. हा फरक पायांना आधी कळतो. गुडघे चढणीच्या तयारीने आलेले असतात.

चालताना काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. दुसऱ्या तासाला कळलं, की गुरांच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज कुठेच नाही. वाटेत शेळ्या भेटल्या, गाय-बैल एकही नाही. प्रत्येक गोठ्यातून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर निघत होता. लम्पी माणसाला होत नाही. पण चावणाऱ्या माश्या, डास, गोचिड यांच्यामार्फत ती एका जनावराची दुसऱ्याला लागते: अंगभर गाठी येतात, ताप चढतो, पाय सुजतात. म्हणून सगळी गुरं धुरात बांधलेली.

पायवाट संपली तिथे बाभळीखाली एक बाज, एक टेबल, टेबलावर दगडाखाली दाबलेली नोंदवही आणि समोर औषधी पाण्याने भरलेली पत्र्याची परात. बाजेवर चष्म्याला दोरा बांधलेले साठीचे गृहस्थ बसले होते. त्यांचं नाव पुंजाजी. गावाने त्यांना या नाक्यावर का नेमलं हे त्यांनी लगेच सांगितलं: गावात ज्याच्या घरी एकही गाय-बैल नाही असे ते एकटेच. त्यामुळे ते कुठेही गेले तरी रोग घरी येत नाही.

"पाय बुडवा."

मी जोड्यांसकट परातीत उभा राहिलो.

"पाय ओला झाला का?"

"नाही. जोडा वॉटरप्रूफ आहे."

"मंग काय उपेग? काढा."

मी जोडे काढून पाय बुडवले, जोडे वेगळे बुडवले. आत गेलेलं पाणी वॉटरप्रूफ जोड्यातून बाहेर येत नाही, हे त्या दिवशी समजलं.

"जनावर आनलं का संगं?"

"नाही. एकटाच आहे."

"मंग जा भाऊ."

इथे मी गेलो असतो तर संध्याकाळी धामणगावात असतो. पण बाभळीला एक फलक बांधला होता आणि मी फलक वाचल्याशिवाय पुढे जात नाही. त्यावर लिहिलं होतं: या वाटेने येणाऱ्या प्रत्येक जीवाची नोंद केल्याशिवाय पुढे सोडू नये.

"माझी नोंद राहिली," मी म्हणालो.

"मानसाची नसते नोंद."

"फलकावर 'प्रत्येक जीव' लिहिलंय."

पुंजाजींनी चष्मा सरळ केला, उठले, फलक वाचला. बोट ठेवून पुन्हा वाचला. "लिवला त मीच हाय," ते म्हणाले. "अन् बाप्पा, बरोबर हाय तुमचं." त्यांनी वही उघडली. मीही समाधानाने बाजेवर बसलो. ही माझी चूक.

वहीत रकाने छापलेले होते आणि ते सगळे जनावराचे. प्रकार या रकान्यात शेवटी 'इतर' होतं, तिथे खूण झाली. रंग: गव्हाळ. वय, दात पाहून. मी तोंड उघडलं. पुंजाजींनी मोजून तीस लिहिले आणि दोन काढलेत हेही लिहिलं, कारण मी तसं सांगितलं. शिंगं. त्यांनी माझ्या काठ्यांकडे बघितलं आणि लिहिलं: दोन, घडीची.

"मालक कोन?"

"मीच माझा."

"थे नाई चालत. घरी कोनाचं चालते?"

मी सुनंदाचं नाव आणि फोन नंबर सांगितला. पत्ता सध्या बुलडाणा.

"कानातला बिल्ला नंबर?"

"तो कसा असेल?"

"बारा आकडी पाह्यजे. बारा घरं हायेत, एकबी खाली ठेवता येत नाई."

बारा आकडी नंबर माझ्याकडे एकच आहे आणि तो मला पाठ आहे. आधारचा. एकेक आकडा एकेका घरात असा बसला, की दोघांनाही बरं वाटलं. लशीच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे सांगितलं की माझे डोस करोनाचे आहेत. "लस थे लस," पुंजाजी म्हणाले.

शेवटचा रकाना कोरा राहिला. त्यावर छापलं होतं: दवाखान्याचा शेरा.

"हा शेरा येतवर बाहेरचं जनावर पुढं नाई अन् मागंबी नाई," पुंजाजी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्याही लक्षात आलं. शेरा मिळेपर्यंत मी इथेच अडकलो होतो.

"पान फाडा," मी म्हणालो.

"पानं मोजेल हायेत. पह्यल्या पानावर लिवेल हाय, पानं दोनशे."

"मग खोडा."

"खाडाखोड केली त कारन लिवा लागते. काय लिवू? मानूस निघाला?"

मी त्यांच्या जागी असतो तर मीही खोडलं नसतं. शेरा देणाऱ्या जनावरांच्या डॉक्टर मॅडम कधी येतात, विचारलं. उद्या. पोळा असला तरी येणार, कारण गावातल्या वच्छलाबाईचा बैल आजारी. तोवर मला ठेवायचं कुठे, याचंही उत्तर नियमात होतं. विलगीकरणाची जागा: वच्छलाबाईचं शेत, नाल्याच्या अलीकडे.

नाल्याच्या अलीकडे

नाला गाव आणि शेत यांच्या मधून जातो. पाणी घोटाभर, रुंदी एकतीस मीटर. ती मी काठीने मोजली. गावाच्या काठावर नामदेवराव आणि त्यांचा हिऱ्या नावाचा धडधाकट बैल. शेताच्या काठावर त्यांची बायको वच्छलाबाई आणि भुऱ्या नावाचा आजारी बैल. दोन्ही बैल लहानपणापासून एका जुवाखाली. भुऱ्याला गाठी आल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आजाऱ्याची सेवा करणाऱ्याने निरोग्याजवळ जायचं नाही. घरात माणसं दोन आणि बैल दोन. अकरा दिवस नवरा-बायको नाल्याच्या दोन काठांवरून ओरडून संसार करत होते.

"माहा चश्मा कुठी हाय वो?" पलीकडून नामदेवराव.

"फळीवर! चहाच्या डब्यामागं!"

"नाई तिथं!"

"डोयानं पाहा, हातानं नका पाहू!"

हे सगळं गाव ऐकत असे. धुणं धुणाऱ्या बायका मधे आपलं मतही देत.

जेवण गावातून यायचं. पुंजाजी डबा आणून नाल्यातल्या सपाट दगडावर ठेवायचे, वच्छलाबाई तो उचलायच्या. पण शेताकडची वस्तू परत गावात नेता येत नव्हती. डबे फक्त येत होते. शेतातल्या खोपडीच्या भिंतीशी मी एकोणीस मोजले. नामदेवरावांकडचे संपले, मग शेजारचे संपले. त्या दिवशीची कळण्याची भाकर आणि ठेचा कुकरच्या भांड्यातून आला होता. कळण्याची भाकर म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. आमच्याकडे असं पीठ नसतं. मी दोन खाल्ल्या; ठेच्यापुढे सांगलीचा तिखटाचा अभिमान सोडून द्यावा लागला.

"तुमाले काय झालं म्हून इकडं टाकलं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

मी रकाने सांगितले. त्या हसल्या नाहीत. "पुंजाजी भाऊजी मोठे नेमाचे मानूस," म्हणाल्या, आणि मला भुऱ्याकडे घेऊन गेल्या.

पांढरा, मोठ्या चणीचा बैल. अंगावर रुपयाएवढ्या गाठी, पुढचे पाय खांबासारखे सुजलेले, दोन गाठी फुटून जखमा झालेल्या. तो आदल्या दिवशी सकाळी बसला होता आणि नंतर उठला नव्हता. वच्छलाबाई टॉवेलने माश्या उडवत होत्या. एक हात दुखला की दुसऱ्या हाताने.

"बसला थे बसला," त्या म्हणाल्या. "डाक्टरीन बाई म्हने, जास्त दिस बसून राह्यला त पाय मरतात. मंग बैल उठत नाई. उद्या पोळा हाय, अन् हा बसेल."

माश्यांचं गणित साधं होतं. त्या बसतात, जखम चिघळते, अळ्या पडतात. बाईंना दोन हात. माझ्या तंबूला मात्र तीन बाजूंनी बारीक जाळी होती. त्यात एक अडचण होती, ती मी स्वतःशी नीट मांडून पाहिली. जे भुऱ्याच्या अंगाला लागेल ते शेताबाहेर नेता येणार नाही. डब्यांचा नियम तंबूलाही लागू होता. म्हणजे एक किलो चारशे साठ ग्रॅम इथेच राहणार.

मी तंबूची जाळी उसवून काढली आणि चार काठ्यांवर भुऱ्यावर ताणली. त्यातल्या दोन माझ्या घडीच्या, दोन तुरीच्या. पुढच्या दोन पायांना गेटर बरोबर बसले. जणू त्याच्याच मापाने शिवले होते. मागचे पाय उरले. गेटर दोन आणि पाय चार हे आधी लक्षात यायला हवं होतं. अंगरख्याच्या बाह्या कापून त्या मागच्या पायांवर चढवल्या.

पलीकडून नामदेवराव बघत होते. "वच्छले, काय घालून राह्यले वं त्याले?"

"रेनकोट!"

ते पाण्याच्या कडेपर्यंत पुढे आले. मग, "काऊन?"

संध्याकाळी खांदेमळणी असते. जुवाने घासलेले बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. बेंदराच्या आदल्या दिवशी आम्हीही तूप लावतो, पण आमंत्रण असं तोंडाने देताना मी कधी ऐकलं नव्हतं. पलीकडे नामदेवराव हिऱ्याचा खांदा मळत होते. भुऱ्याच्या खांद्यावर गाठी होत्या, हात लावता येत नव्हता. वच्छलाबाईंनी तुपाची वाटी घेतली आणि खांद्याच्या चार बोटं वर, हवेतच हात फिरवला.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," त्या म्हणाल्या.

पोळा

गावात यंदा बैलांची मिरवणूक नव्हती. वेशीवरच्या तोरणाखाली कुणी बैल आणायचे नाहीत, ज्याने त्याने आपल्या दारात पूजा करायची. पुरणपोळ्या मात्र सकाळीच आल्या. डबा एकही शिल्लक नसल्याने त्या गुंडाळून पितळी कळशीत उभ्या घातल्या होत्या आणि पुंजाजींनी कळशी खांद्यावरून आणली. बरोबर वाटीभर तूप. आम्हाला कटाची आमटी लागतेच, पण इथे तुपातच पोळी बुडवायची. वच्छलाबाईंनी नैवेद्य भुऱ्यासमोर धरला. त्याने तोंड फिरवलं. मग त्यांनी मला वाढलं, पुंजाजींना वाढलं, आणि कळशीवर ताटली झाकून ठेवली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टर मॅडम आल्या. पस्तिशीच्या असतील. जाळीत बसलेला, पुढे गेटर आणि मागे पावसाळी बाह्या घातलेला बैल त्यांनी दुरूनच पाहिला आणि जागीच थांबल्या.

"हा कुठे निघालाय?"

मी पुढे होऊन सांगितलं. त्यांनी जाळी उचलून जखमा पाहिल्या. "माश्या बसल्या नाहीत. चांगलं केलंत. तुम्ही कोण?"

"एक्केचाळीस नंबर," पुंजाजी म्हणाले आणि वही पुढे केली.

मॅडमनी ओळ वाचली. सावकाश, डावीकडून उजवीकडे. 'दोन, घडीची' इथे त्यांना खोकला आला. मग त्या म्हणाल्या की शेरा द्यायचा तर मालकाला कळवावं लागतं, आणि त्यांनी खरोखरच फोन लावला.

"तुमच्या नावावर इथे एक नोंद आहे, गव्हाळ, तीस दात."

पलीकडे सुनंदा जराही गोंधळली नाही. "त्यांनीच करायला लावली असणार," ती म्हणाली. "कालपासून फोन नाही, तेव्हाच मला वाटलं. खातायत ना नीट?"

"खातायत."

"मग राहू द्या हवं तर."

मॅडमनी शेरा लिहिला: तपासले, निरोगी, सोडण्यास हरकत नाही. पुंजाजींनी सही कुठे करायची ते दाखवलं. मी सुटलो. पाठपिशवी उचलली, ती आता फारच हलकी झाली होती. पण मॅडम भुऱ्याजवळ बसून त्याचे पाय दाबून पाहत होत्या आणि त्यांचा चेहरा बघून मी पिशवी परत खाली ठेवली.

"ताप उतरलाय," त्या वच्छलाबाईंना म्हणाल्या. "आता हा आजारामुळे बसलेला नाही. बसून बसून पाय बधिर झालेत, आणि त्याने मनात घेतलंय की उठायचं नाही. आज उठला नाही तर मग कठीण आहे, मावशी. निदान कूस बदलू आणि खाली काहीतरी मऊ घालू. पेंढा आहे?"

पेंढा ओला होता. मी गादीबद्दल सांगितलं. मात्र तिच्यावर छापलेली सूचना आमच्या घरी कुणीच ऐकत नाही, म्हणून मी ती इथे आधीच वाचून दाखवली. "कमाल वजन एकशे तीस किलो."

"हा साडेतीनशेच्या आसपास असेल."

"म्हणजे टिकणार नाही."

"जेवढं टिकेल तेवढं," मॅडम म्हणाल्या.

आम्ही चौघांनी मिळून भुऱ्याला एका कुशीकडे रेटलं. मॅडम डोक्याशी, पुंजाजी आणि वच्छलाबाई पाठीशी, आणि मी गादी आत सरकवायला. नाल्यापलीकडे नामदेवराव हिऱ्याला घेऊन आले होते. हिऱ्याच्या शिंगांना हिंगुळाचा लाल रंग, पाठीवर झूल. ते काठावरून सूचना देत होते. "शेपटीकून! शेपटीकून घाला! वच्छले, तू सरक, तुह्या पायावर पडंन थो!"

मी पालथा पडून फुंकायला लागलो. एरवी या गादीला बावीस फुंकरा लागतात. बाविसाव्या फुंकरीला काहीच झालं नाही. चाळिसाव्या फुंकरीला वच्छलाबाई म्हणाल्या, "हालला." खरंच, भुऱ्याची कूस दोन बोटं वर आली होती. त्याने मान वळवून, आपल्याखाली काय चाललंय हे पाहिलं. आमची नजरानजर झाली. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण मी थांबलो नाही. एक्कावन्न, बावन्न.

चोपन्नाव्या फुंकरीला गादी फुटली.

तसा आवाज मी आयुष्यात कानाजवळ ऐकलेला नाही. झाडावरचे बगळे उडाले. पुंजाजी मागे पडले. मॅडम म्हणाल्या ते इथे लिहीत नाही. धूळ खाली बसली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चार खूर होते, आणि त्यांवर दोन गेटर आणि दोन बाह्या. भुऱ्या उभा होता. थरथरत होता, जाळी डोक्यावरून पदरासारखी लोंबत होती, पण चारही पायांवर होता. त्याने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग तो तुरीच्या काठीला अंग घासायला लागला आणि ती मोडली.

"लिहून देणार नाही," मॅडम धूळ झटकत हळूच म्हणाल्या, "पण वाचेल."

वच्छलाबाई नाल्याच्या काठापर्यंत गेल्या. पदर डोक्यावरून घसरला होता, तो त्यांनी आधी नीट केला.

"अहो! उठला हो! उभा हाय!"

नामदेवराव हिऱ्याचा कासरा हातात धरून जमिनीवर बसले होते, आमच्याकडे पाठ करून. खांदे तेवढे हलत होते. हिऱ्या मान लांब करून इकडे हुंगत होता. न वळताच नामदेवराव ओरडले.

"मंग तू जेव आता!"

"तुमी जेवले का?"

"नाई!"

"कवापासून?"

नामदेवराव उठून घराकडे गेले आणि हातात एक पोळी घेऊन परत आले. वच्छलाबाईंनी कळशीवरची ताटली काढली, आपली पोळी घेतली आणि काठावर बसल्या. तेही आपल्या काठावर समोर बसले. मधे एकतीस मीटर नाला. पुंजाजींनी माझ्या बाहीला हात लावला, आणि आम्ही तिघं बैलाकडे तोंड करून उभे राहिलो, म्हणजे त्या दोघांना सावकाश जेवता यावं.